‘मोफत’ आणि ‘दिन्न’ : इंटरनेटवरील भीमगीतांविषयी

भीमगीताच्या इतिहासात गेल्या काही वर्षांत मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. कॅसेट गेली, तिच्यामागून आलेली सीडीही मागे पडली आणि गीत थेट मोबाईलवर येऊन पोचले. कोणत्याही कंपनीशी बांधलेला नसलेला गायक आज घरी किंवा तालुक्याच्या गावातील लहानशा स्टुडिओत गीत मुद्रित करतो, ते यूट्यूबवर ठेवतो आणि श्रोत्याकडून एक पैसाही घेत नाही. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. परंतु २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हाच ते वाड्यावस्त्यांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचले. या स्थित्यंतराचे आपल्या समाजाने स्वागत केले, ते योग्यच होय. पूर्वी ज्या शाहिराला दहा गावांपलीकडे कोणी ओळखत नसे, त्याचा आवाज आज सातासमुद्रापार ऐकला जातो.

या विनामूल्य प्रसाराचा गौरव करताना ‘दान’ हा शब्द सहज वापरला जातो. आमचा प्रश्न या शब्दाविषयी आहे. श्रोत्याला जे मोफत मिळते, ते सारेच कोणीतरी दिलेले असते काय? आमच्या मते नसते. मोफत मिळणे ही घेणाऱ्याच्या बाजूची गोष्ट आहे. दिले जाणे ही देणाऱ्याच्या बाजूची. या दोहोंतील अंतर न पाहिल्यामुळे भीमगीताच्या कवीवर व गायकावर अन्याय होतो आणि गीताच्या कलारूपाचीही हानी होते, असे आम्हांस दाखवावयाचे आहे.

शब्दाचा विचार

पंचशीलातील दुसरे शील आपण नित्य उच्चारतो. त्याचा अर्थ सांगताना ‘चोरी न करणे’ असे सुटसुटीत भाषांतर केले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. चोरीसाठी पालीत ‘थेय्य’ हा स्वतंत्र शब्द आहे. शीलात मात्र योजलेला शब्द आहे ‘अदिन्नादान’. त्याची फोड ‘अदिन्न’ अधिक ‘आदान’ अशी होते. ‘दिन्न’ म्हणजे दिलेले, ‘अदिन्न’ म्हणजे न दिलेले आणि ‘आदान’ म्हणजे घेणे. दोन्ही पदांच्या मुळाशी ‘दा’ हाच धातू आहे, हे ध्यानात घेण्याजोगे होय. येथे कसोटी वस्तूच्या किमतीची नाही, वस्तू उघड्यावर होती की कुलुपात होती याचीही नाही. ज्याची ती होती त्याने ती दिली होती काय, एवढीच कसोटी आहे.

अट्ठकथाकारांनी या कृत्याची पाच अंगे सांगितली आहेत : वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असणे, ती तशी आहे याची जाणीव असणे, चोरीचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नाने वस्तू हलविली जाणे. पाचही अंगे एकत्र आली तरच दोष पूर्ण होतो. त्यामुळे जयंतीच्या दिवशी गीत ऐकणारा, आवडले म्हणून नातेवाइकांना पाठविणारा सामान्य श्रोता येथे दोषी ठरत नाही. त्याच्या ठायी तसे चित्तच नसते. प्रश्न आहे तो, हे गीत कोणाचे हे जाणूनही ते आपल्या नावावर मांडणाऱ्याचा.

दानाच्या बाजूनेही परंपरेचे विवेचन तितकेच सूक्ष्म आहे. दानामागे चेतना हवी. आणि ती देण्यापूर्वीची, देतानाची व दिल्यानंतरची अशी तिहेरी सांगितली आहे. आपण काय देत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या ठायी सोडून देण्याची चेतना कशी उद्भवणार? अज्ञानातून झालेल्या हानीला त्याग म्हणणे, हा त्या माणसाचा गौरव नव्हे.

जलशापासून कॅसेटपर्यंत

आंबेडकरी जलसा सत्यशोधकी जलशाच्या वाटेने आला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदींनी नाशिक परिसरातून जलशाद्वारे चळवळीचा विचार गावोगाव नेला. जलसा ऐकणाऱ्याला तिकीट नव्हते, परंतु म्हणून तो ‘फुकट’ नव्हता. कलावंतांच्या भाकरीचा, मुक्कामाचा आणि पुढच्या गावापर्यंतच्या प्रवासाचा भार वस्ती उचलीत असे. म्हणजे देणे दोन्ही बाजूंनी होते आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या डोळ्यांसमोर होत्या.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले आणि २००४ साली निधन पावलेले वामनदादा कर्डक हे या परंपरेचे सर्वांत मोठे कवी-गायक. त्यांची गीते वह्यांतून आणि तोंडातोंडी पसरली. मौखिक प्रसारात गीत कवीपासून तुटण्याची भीती असते. तिच्यावरचा उपाय या परंपरेजवळ जुनाच होता : शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा. वामनदादांच्या अनेक गीतांत ‘वामन’ हे नाव शेवटी येते. ती केवळ संतकाव्यातून आलेली लकब नव्हे. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्या समाजातील कवीने आपल्या शब्दाखाली केलेली ती सही होती, आणि गीत जेथे जाई तेथे ती बरोबर जात असे.

कॅसेटच्या काळात या व्यवस्थेला पहिला तडा गेला. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, गाणारा नव्हे. गायकाला एकदाच ठरावीक रक्कम मिळावी आणि पुढील विक्रीशी त्याचा संबंध राहू नये, हा त्या व्यवसायातील परिचित व्यवहार होता. तरीही कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे, पुष्कळदा कवीचेही नाव छापलेले असे. सही आतून निघाली तरी निदान बाहेर उरली होती.

मोबाईलवरील गीत : कलेचा निवाडा

आता आजच्या मुद्रणांकडे वळू. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाईलवरील चित्रफितींतून घराघरांत पोचला, हे सर्वश्रुत आहे. एकतारीची साथ, उघडा गळा आणि बोलीतील निःसंकोच उच्चार एवढीच ती सामग्री. एकतारी एक सूर धरून ठेवते आणि बोटाच्या आघाताने लय सांभाळते. ती शब्दांशी स्पर्धा करीत नाही. त्यामुळे शब्द पुढे येतो आणि सूर त्याच्या मागे उभा राहतो. भीमगीतात शब्दाला हेच स्थान असले पाहिजे, कारण ते मुळात सांगण्यासाठी जन्माला आले आहे. मोबाईलच्या मुद्रणात आसपासचे आवाज मिसळतात, सुरांची पट्टी आखडते. पण श्वास ऐकू येतो आणि शब्द कळतो. साधनांच्या दारिद्र्यातही गीताचा प्राण शाबूत राहू शकतो, याचा हा पुरावा आहे.

याउलट मिरवणुकीसाठी केलेल्या डीजेच्या आवृत्त्या घ्या. त्यांत मूळ गीताचा बहुधा मुखडाच उरतो आणि तो तालाच्या आघातांमध्ये पुनःपुन्हा फेकला जातो. नाचण्याला आमचा आक्षेप नाही. आनंद हा जयंतीचा अधिकार आहे. आक्षेप आहे तो कडवी गाळण्याला. भीमगीताची रचना बहुधा अशी असते की मुखड्यात घोष येतो, मधल्या कडव्यांत विचाराची मांडणी होते आणि अंतिम कडव्यात कवी स्वतःचे नाव घेऊन त्या विचाराची जबाबदारी स्वीकारतो. मधली कडवी गेली की विचार जातो. शेवटचे गेले की कवी जातो. उरतो तो केवळ घोष. घोषापुरता बाबासाहेबांचा स्वीकार आणि त्यांच्या विचाराचा विसर, या आजच्या दुखण्याचे प्रतिबिंब या आवृत्त्यांत उमटले आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ही कापाकापी करणारा, ती चॅनेलवर ठेवणारा आणि मूळ गाणारा या बहुधा वेगवेगळ्या व्यक्ती असतात. ‘मोफत’ या शब्दामागील व्यवहार येथेच दिसतो. श्रोत्याने पैसे दिले नाहीत तरी चित्रफितीबरोबर जाहिरात येते आणि जाहिरातीचे उत्पन्न यूट्यूब व चॅनेलचालक वाटून घेतात. त्यासाठी २०१८ पासून १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. लघुचित्रफितींसाठी वेगळी अट नंतर आली. एखाद्या वस्तीतला एकटा गायक ही पायरी चढण्यापूर्वीच थकतो; शेकडो गायकांची गीते एकत्र करणारा चॅनेलचालक ती सहज ओलांडतो. गीत मोफत आहे ते ऐकणाऱ्याला. बाजारातून ते मुक्त झालेले नाही. फक्त बाजाराचे दार आता श्रोत्याला दिसत नाही.

निःसंदिग्ध दानाचे एक उदाहरण

तर मग इंटरनेटवर खरोखर ‘दिन्न’ म्हणावे असे काही आहे काय? आहे, आणि तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण देणे उपयुक्त ठरेल. जर्मनीतील बॉन येथे जन्मलेल्या किमिको इशिझाका या पियानोवादिकेने योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराची १७४१ साली प्रसिद्ध झालेली ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना मुद्रित केली आणि २८ मे २०१२ रोजी ती जगाला देऊन टाकली. ‘देऊन टाकली’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत. त्या मुद्रणावरील आपले सर्व हक्क सोडत असल्याची घोषणा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स झीरो’ या जाहीरनाम्याद्वारे करण्यात आली. कोणीही ते ऐकावे, प्रती काढाव्यात, चित्रपटात वापरावे. परवानगी नको, मोबदला नको.

या दानाची पूर्वतयारी पाहण्याजोगी आहे. २०११ साली किकस्टार्टरवर लोकांना आवाहन करून खर्चाची रक्कम आधी उभी करण्यात आली. त्या बळावर बर्लिनच्या नामांकित टेल्डेक्स स्टुडिओत, उत्तम पियानोवर मुद्रण झाले. सोबत म्युझस्कोअर या मुक्त संगणकप्रणालीवर रचनेची स्वरलिपी तयार करून ती जाणकारांच्या तपासणीसाठी खुली ठेवण्यात आली आणि मग तीही मुक्त केली गेली. पुढे बाखच्याच ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या खंडाचेही असेच मुक्त मुद्रण इशिझाका यांनी केले.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, देणारी व्यक्ती स्वतः होती आणि काय देत आहोत हे तिला पूर्ण ठाऊक होते. दुसरी, श्रमाचा मोबदला बुडाला नाही. तो श्रोत्यांच्या समूहाने आधीच उचलला. जलशाचा भार वस्ती उचलीत असे, त्याच जातीचे हे तत्त्व आहे. तिसरी, दिलेली वस्तू निकृष्ट नव्हती. मोफत म्हणजे कसेबसे उरकलेले, ही समजूत येथे खोटी ठरते.

तथापि हे उदाहरण आपण जसेच्या तसे उचलू शकत नाही. बाख १७५० साली निधन पावले. त्यांच्या रचनेवर आज कोणाचाही हक्क नाही. आपल्याकडे कवीचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांपुरते बोलावयाचे तर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. गायकाने स्वतःच्या आवाजावरील हक्क सोडला तरी कवीचे शब्द सोडण्याचा अधिकार त्याला नाही. जे आपले नाही ते देता येत नाही, हा नियम दानालाही लागू आहे.

चारी दिशांचा संघ

इशिझाका यांच्या घोषणेत आणखी एक उणीव आम्हांस दिसते. सर्व हक्क सोडल्यावर त्या मुद्रणाचा आधार घेऊन एखाद्याने नवे मुद्रण केले आणि स्वतःच्या भरीवर कुंपण घातले, तर त्याला रोखता येत नाही. कोणाचेच नाही म्हणून जो आधी हात घालील त्याचे, अशी अवस्था तेथे संभवते.

विनयपिटकाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात राजगृहाच्या श्रेष्ठीने बांधलेल्या साठ विहारांची कथा आहे. ते कोणाला द्यावेत असे विचारता, आलेल्या आणि अद्याप न आलेल्या अशा चारी दिशांच्या संघाला द्यावेत, असे तथागतांनी सांगितले. त्याच प्रकरणात पुढे आराम, विहार, मंचक, धातूची भांडी अशा पाच प्रकारच्या संघवस्तू ‘अविस्सज्जिय’, म्हणजे देऊन न टाकण्याजोग्या ठरविल्या आहेत. त्या एका भिक्खूने, गणाने वा खुद्द संघानेही कोणाला देऊन टाकू नयेत. दिल्याच, तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. या नियमाचे मर्म असे की, सर्वांना दिलेली वस्तू म्हणजे पहिल्या येणाऱ्याला दिलेली वस्तू नव्हे. जे अद्याप आलेले नाहीत, त्यांचाही तिच्यात वाटा आहे.

भीमगीताचे स्वरूप आमच्या मते असेच आहे. ते समाजाला दिलेले आहे आणि म्हणूनच त्यावर एकाची मालकी बसता कामा नये. आधुनिक परवान्यांत या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा परवाना आहे तो ‘नामनिर्देश व समान वाटप’ या अटींचा. गीत कोणीही गावे, पसरवावे, त्यावर नवी रचना करावी. मात्र मूळ कर्त्याचे नाव राखावे आणि आपली नवी रचनाही तशीच सर्वांसाठी खुली ठेवावी. पहिल्या अटीत नाममुद्रा राहते, दुसरीत चारी दिशांचा संघ राहतो.

भारतीय कायदाही या बाबतीत वाटतो तितका निरुपयोगी नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही रचना आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधक ठरणारी मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. म्हणजे नाममुद्रेचे कडवे गाळणाऱ्याला जाब विचारण्यास निदान आधार आहे. १९९४च्या दुरुस्तीनंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच मानले जाते. २०१२च्या दुरुस्तीने कवी व संगीतकारांचा मानधनातील वाटा सोडून देता न येणारा केला आणि व्यापारी वापरातील मानधनावर गायकाचाही अधिकार मान्य केला. ज्याला खरोखरच हक्क सोडावयाचा आहे, त्याला कलम २१ खाली जाहीर सूचनेने तो सोडता येतो. देण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही. ती जाणतेपणी चालावी एवढेच अपेक्षित आहे.

दोन आक्षेप

आमच्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बाबासाहेबांची गीते पैशासाठी लिहिली-गायिली गेली नाहीत. हक्काची भाषा ही व्यापाराची भाषा आहे. या आक्षेपातील भावना आम्ही आदरणीय मानतो. परंतु तो आक्षेप योग्य माणसाला घेतला जात नाही. व्यापार तर चालूच आहे. त्यातून केवळ कवी आणि गायक वगळले गेले आहेत. शिवाय हक्कांची भाषा आपल्याला परकी नाही. चवदार तळ्याचे पाणी तहान भागविण्यापुरतेच मागितले गेले नव्हते. मागणी माणूस म्हणून असलेल्या अधिकाराची होती. समतेसाठी गाणाऱ्याने स्वतःच्या श्रमावरचा अधिकार विसरावा, असे सांगणे त्या परंपरेशी सुसंगत नाही.

दुसरा आक्षेप असा की, अशा अटींमुळे गरीब श्रोत्यापर्यंत गीत पोचणार नाही. तसे होण्याचे कारण नाही. आम्ही सुचविलेला परवाना श्रोत्याला अडवीत नाही, तो कुंपण घालणाऱ्याला अडवितो. खुद्द कायद्यातही धार्मिक विधीतील गायनाला आणि हौशी मंडळाने मोफत श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. विहारातील गायन त्यामुळे थांबणार नाही.

उपसंहार

स्वतंत्र गायकाने आपली गीते इंटरनेटवर विनामूल्य ठेवावीत, या मताचे आम्ही आहोत. चळवळीचे गीत पैशाअभावी कोणापासून दूर राहू नये. परंतु ते त्याने द्यावे. त्याच्याकडून ते केवळ सुटू नये. त्यासाठी फार मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. प्रत्येक चित्रफितीखाली कवी, संगीतकार, गायक, वादक आणि मुद्रणाचे वर्ष मराठीत लिहावे. गीत दुसऱ्याचे असेल तर कवीची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. कोणत्या अटींवर गीत खुले आहे, ते एका वाक्यात नमूद करावे. पूर्ण गीत, शेवटच्या कडव्यासह, ठेवावे.

काही जबाबदारी विहारांची आणि अभ्याससंस्थांची आहे. ग्रंथांच्या हस्तलिखितांची आपण सूची करतो, पाठभेद नोंदवितो. पण ज्या शाहिरांच्या वह्या आजही घरांतील पेट्यांत पडून आहेत, त्यांच्या गीतांची अशी नोंद कोठे आहे? जुने शाहीर हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून पूर्ण पाठ मुद्रित करून घेणे, त्यासाठी वर्गणीतून आधी मानधन उभे करणे आणि मग ते मुद्रण त्यांच्या संमतीने सर्वांसाठी खुले करणे, हे काम एखादा विहारही एका वर्षावासाच्या काळात आरंभू शकेल. पहिले मुद्रण कोणाचे करावयाचे, हे त्या त्या वस्तीने ठरवावे.